खडकातली रिकामी जागा आणि चांगला स्फटिक

रस्त्यावर पसरायच्या खडीत क्वार्ट्झ असतो. वाळूच्या बहुतेक कणांत असतो. संग्रहालयात काचेमागे ठेवलेला, सहा बाजूंचा, वर टोक आलेला, पाण्यासारखा नितळ स्फटिक, तोही क्वार्ट्झच. रसायन तेच: सिलिकॉनच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन. तरी एकावरून चाकं जातात आणि दुसऱ्यासमोरून माणसाचा पाय निघत नाही.

खनिजांचे नमुने जमवू पाहणाऱ्याला हा फरक नीट उमगला की पुढचं बरंच सोपं होतं. नमुना निवडणं, खोटा ओळखणं, घरी आणून जपणं, सगळं त्यातूनच निघतं. म्हणून स्फटिक वाढतो कसा, इथूनच सुरुवात करतो.

स्फटिक म्हणजे अणूंची एकच मांडणी सगळ्या दिशांना पुन्हा पुन्हा होत गेलेला घन पदार्थ. ओळीवर ओळ विटा रचाव्यात तसा. या अर्थानं खडीतला क्वार्ट्झही स्फटिकच आहे, आतली रचना अगदी शिस्तीत आहे. बिघडलंय ते बाहेरचं. ग्रॅनाइटचा तप्त रस थंड होताना क्वार्ट्झ साधारणपणे शेवटी शेवटी घट्ट होतो. तोवर फेल्डस्पार आणि अभ्रक यांनी जागा अडवलेली असते. उरलेल्या फटीबोळांत क्वार्ट्झ जसा मावेल तसा बसतो आणि त्याला स्वतःचा आकार राहत नाही. तोच क्वार्ट्झ रिकाम्या पोकळीच्या भिंतीवर वाढू लागला, आजूबाजूला खनिजं विरघळलेलं गरम पाणी असलं आणि कुणाचा धक्का लागला नाही, तर तो सहा बाजू आणि टोक घेऊन उभा राहतो.

डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यानं १६६९ साली एक साधी पण खोल गोष्ट मांडली. क्वार्ट्झचे स्फटिक लांब असोत, बुटके असोत, एका अंगानं फुगलेले असोत, त्यांच्या त्याच त्या दोन बाजूंमधला कोन मात्र बदलत नाही. शंभराहून अधिक वर्षांनी, १७८३ मध्ये, रोमे द लिल या फ्रेंच माणसानं कितीतरी खनिजांचे कोन मोजून हे सगळ्यांनाच लागू असल्याचं दाखवलं. त्याच सुमारास रने-जुस्त आयुई यानं कॅल्साइट फुटताना पाहिला. मूळ आकार कसाही असो, तुकडे तिरक्या चौकोनी ठोकळ्यांचेच पडत होते. म्हणजे आत कुठेतरी एक छोटा एकक-ठोकळा असला पाहिजे, असा तर्क त्यानं केला. १९१२ मध्ये माक्स फॉन लाउए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्फटिकातून क्ष-किरण पाठवले, तेव्हा त्या अदृश्य मांडणीचा पुरावाच हाती आला.

हा इतिहास जमवणाऱ्याच्या रोजच्या उपयोगाचा आहे. क्वार्ट्झच्या ओबडधोबड तुकड्याला घासून, टोक काढून ‘नैसर्गिक स्फटिक’ म्हणून विकणं फार चालतं. घासणाऱ्याला कोन सांभाळता येत नाहीत. शिवाय खऱ्या क्वार्ट्झच्या उभ्या बाजूंवर बहुतेकदा आडव्या बारीक रेघा असतात, वाढीच्या खुणा. टूर्मलिन या दुसऱ्या खनिजावर अशाच रेघा असतात, पण उभ्या. भिंग घेऊन रेघा शोधणं ही मी कुणालाही शिकवीन अशी पहिली सवय.

आता ती रिकामी जागा येते कुठून? मला या छंदातला सगळ्यात रम्य भाग हाच वाटतो, कारण प्रत्येक पोकळीची कुळकथा वेगळी असते. ग्रॅनाइटचा रस संपत आला की उरलेल्या द्रवात पाणी, बोरॉन, लिथियम, बेरिलियम असे इतर खनिजांत न मावलेले घटक साठतात. तो द्रव थंड होत पेग्मटाइट नावाचा भरड दाण्याचा खडक बनतो आणि त्यात मधेमधे पोकळ्या राहतात. टूर्मलिन, पन्ना ज्या कुळातला आहे ते बेरिल, पुष्कराज म्हणजे टोपाझ, यांचे नामांकित स्फटिक अशा पोकळ्यांतून येतात. दुसरीकडे खडकाला तडे जातात, तड्यांतून खोलवरचं गरम पाणी वर चढतं, वाटेत थंड होतं आणि भिंतींवर एकेक खनिज सोडत जातं. शिसं, जस्त, तांबं, चांदीच्या खाणींतले बहुतेक सुंदर नमुने या शिरांमधले. नॉर्वेतल्या काँग्सबर्गची तारेसारखी वळलेली चांदी याच जातीची. चुनखडीत पाणी स्वतःच पोकळी कोरतं आणि मग तीच सजवतं.

लाव्ह्याची गोष्ट निराळी. लाव्हा गोठताना वायूचे बुडबुडे आत अडकतात. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या थरांत, असे असंख्य बुडबुडे राहिले. खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्यानं नंतर त्यांच्या आतून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट अशी झिओलाइट गटातली खनिजं वाढवली. त्यांच्या सोबतीला हिरवट किंवा बिनरंगी ॲपोफिलाइट असतो. त्याला सर्रास झिओलाइट म्हटलं जातं, पण तो त्या गटातला नाही. वाघोलीच्या खाणींतला कॅव्हनसाइट, गर्द निळ्या सुयांचे गोल झुपके, जगभरच्या संग्रहांत मानानं ठेवलेला असतो. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तिघांच्या नावांतून त्याचं नाव बनलं आहे.

जागा मिळाली तरी घाई झाली तर स्फटिक बिघडतो. मिठाचं संपृक्त पाणी आटवलं की भुकटी मिळते. तेच पाणी झाकून शांत ठेवलं तर तळाशी चौकोनी खडे धरतात. पाणी पटकन उडालं की एकाच वेळी हजारो ठिकाणी कण धरतात आणि माल सगळ्यांत वाटला जातो. सावकाश उडालं तर मोजक्याच कणांना सगळा माल मिळतो. मेक्सिकोतल्या नायका खाणीत २००० साली सापडलेल्या गुहेत हेच निसर्गानं राक्षसी प्रमाणावर केलेलं दिसतं. तिथले जिप्समचे स्फटिक ११ मीटरपर्यंत लांब आहेत. पाणी साधारण ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास लाखो वर्षं स्थिर राहिलं. त्या तापमानाजवळ ॲनहायड्राइट हे खनिज हळूहळू विरघळतं आणि त्याच मालातून जिप्सम तितक्याच हळू जमतं. द्रावण जेमतेमच संपृक्ततेच्या वर, म्हणून नवे कण जवळपास धरलेच नाहीत आणि आधीचे वाढत राहिले. खाणीसाठी पाणी उपसलं, गुहा कोरडी पडली, त्या दिवशी ती वाढ थांबली.

एवढं लक्षात ठेवून नमुना हातात घ्यायचा. मी आधी तो दिव्याखाली सावकाश फिरवतो. पृष्ठांवरची चकाकी एका कलात लख्ख उजळायला हवी. धुरकट दिसली तर पृष्ठ झिजलंय, ॲसिडनं खाल्लंय किंवा मुळातच तसं वाढलंय, यातलं काय ते शोधायचं. मग टोक. टोक म्हणजे स्फटिकाचा चेहरा, तिथला टवका डोळ्याला सतत सलतो. बाकी सगळं ठीक असलं तरी टोकाला टवका असलेला क्वार्ट्झ मी घेत नाही. क्वार्ट्झ इतका मिळतो की सवलत द्यायचं कारण नाही. सेरुसाइटसारख्या ठिसूळ खनिजाच्या नाजूक जाळीत मात्र एखादी मोडलेली काडी चालवून घ्यावी लागते. प्रत्येक खनिजाची तपासणी त्याच्या स्वभावानं करायची. एकच मोजपट्टी सगळ्यांना लावणारा माणूस चांगले नमुने हातचे घालवतो.

इथे नवखे हमखास फसतात ते तीन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींत. वाढताना स्फटिक शेजारच्याला टेकलेला असतो आणि शेजारी नंतर सुटून जातो, तेव्हा तिथे खडबडीत किंवा ठसा उमटलेली जागा राहते. ती तूट नव्हे, जन्मखूण आहे. ताजी तूट वेगळी दिसते: क्वार्ट्झमध्ये ती शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी वळणदार आणि काचेसारखी चमकदार असते. तिसरी सगळ्यात फसवी. कॅल्साइट, फ्लुओराइट, गॅलेना अशी खनिजं ठराविक पातळ्यांवर आरशासारखी सपाट फुटतात, आणि ते फुटलेलं पृष्ठ नैसर्गिक पैलूसारखंच वाटतं. नीट पाहिलं तर त्यावर समांतर पायऱ्या दिसतात आणि आत तशाच चिरा. फ्लुओराइटचे जे सुबक अष्टफलक सगळीकडे दिसतात, त्यांतले पुष्कळसे पातीनं टिचवून काढलेले असतात. शिकायला ते छान आहेत, पण स्फटिक म्हणून ते तसे वाढलेले नसतात.

स्फटिकाला धरून ठेवणारा मूळ खडक शाबूत असेल तर माझ्या लेखी नमुन्याचं मोल फार वाढतं. या खडकाला जमवणारे मॅट्रिक्स म्हणतात. सुटा स्फटिक सुंदर असतो, पण मॅट्रिक्सवरचा स्फटिक आपण कुठे आणि कुणासोबत वाढलो ते सांगतो. स्पेनमधल्या नाव्हाहूनचा पायराइट पाहा. करड्या मऊ मातकट खडकातून सोनेरी घन असा बाहेर आलेला असतो की यंत्रानं कापला असेल असंच वाटावं. कोलोरॅडोतल्या स्वीट होम खाणीत १९९२ मध्ये मिळालेला ‘अल्मा किंग’ हा रोडोक्रोसाइट डेन्व्हरच्या संग्रहालयात आहे. लालभडक तिरका ठोकळा, भोवती पांढऱ्या क्वार्ट्झच्या काड्या. लाल एकटा असता तर इतका लाल दिसला नसता.

आकाराचं फार मनावर घेऊ नका. जमवणाऱ्यांत साधारण अडीच सेंटीमीटरच्या घनात मावणाऱ्या नमुन्याला थंबनेल म्हणतात, पाचच्या घनात मावणाऱ्याला मिनिएचर, आणि सूक्ष्मदर्शकाखालीच बघायच्या नमुन्यांना मायक्रोमाउंट. छोट्या स्फटिकाला दोष यायला वेळ आणि जागा कमी मिळते, त्यामुळे निर्दोष स्फटिक छोट्यांतच जास्त सापडतात. मान्यताप्राप्त खनिजांच्या जाती आता ६,०००च्या वर आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जातींचे मोठे स्फटिक कधी कुणी पाहिलेलेच नाहीत. दुर्मीळ जातींची आवड असेल तर सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही.

असे नमुने बाहेर काढणं हा जुना धंदा आहे. आल्प्समध्ये कपारींतून स्फटिक काढणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या होते. १७८६ मध्ये डॉक्टर पाकार यांच्यासोबत माँ ब्लाँ पहिल्यांदा सर करणारा झाक बाल्मा त्यांच्यापैकीच एक. पोकळी सापडली की हातोडी बाजूला ठेवायची. आतली चिकणमाती लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या काडीनं ओली करून काढायची, प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळायचा, तुटलेले कपचेही जपून ठेवायचे, कारण ते पुढे जुळतात. खडकाच्या आतल्या तापमानातून एकदम उन्हात किंवा थंडीत आणलं तर फ्लुओराइटसारखा स्फटिक तडकतो. परवानगीशिवाय कुठेही खणायचं नाही आणि गुहांमधल्या रचनांना हात लावायचा नाही. तिथला एक तुकडाही परत वाढताना आपण पाहणार नाही. चालू खाणीची गोष्ट वेगळी: तिथे वेळेवर न उचललेला स्फटिक थेट क्रशरमध्ये जातो. जगातले कितीतरी उत्तम नमुने खाणकामगारांच्या नजरेमुळे आणि सवडीच्या चार मिनिटांमुळे वाचलेले आहेत.

आता फसवणुकीकडे. ॲमेथिस्टचा जांभळा रंग क्वार्ट्झमधल्या किंचित लोखंडामुळे आणि भोवतालच्या खडकाच्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे येतो. तो तापवला की पिवळा-नारिंगी होतो आणि सिट्रिन म्हणून विकला जातो. खालचा पांढरा आणि टोकाकडे करपल्यासारखा नारिंगी झुपका दिसला की बहुधा भट्टी आठवावी. बिनरंगी क्वार्ट्झवर किरणांचा मारा करून तो काळाकुट्ट करतात. त्याच्यावर धातूचा अतिपातळ थर बसवून मोरपिशी निळा करतात. इंद्रधनुषी पायऱ्यापायऱ्यांचा बिस्मथ वितळलेल्या धातूतून माणसानं वाढवलेला असतो, आणि मोठे झळझळीत निळे कॅल्कँथाइट पुष्कळदा मोरचुदाच्या द्रावणातून घरीच काढलेले. यातलं काहीही सांगून विकलं तर गैर नाही. न सांगणं हा गुन्हा.

चिकटवलेल्या नमुन्यांबद्दल थोडं सबुरीनं बोलायला हवं. पेग्मटाइटच्या पोकळीतली मोठी टूर्मलिनं माणूस पोहोचण्याआधीच जमिनीच्या हालचालीनं मोडून पडलेली असतात. त्याच स्फटिकाचे तुकडे पुन्हा जोडले तर ती दुरुस्ती, आणि ती उघड सांगितली तर सगळे स्वीकारतात. नसलेला भाग राळ भरून, रंगवून तयार केला तर ती भर. आणि एका ठिकाणचा स्फटिक दुसऱ्याच खडकावर बसवला तर ती सरळ लबाडी. अंधारात अतिनील दिवा मारा: बरेचसे गोंद निळसर-पांढरे चमकतात. जोडावर भिंगातून बुडबुडे दिसतात, स्फटिकाच्या बुडाशी भुकटी लिंपलेली दिसते. काही खनिजं स्वतःच चमकतात, तेव्हा चमक कुठल्या रेषेवर आहे ते पाहायचं.

पण स्फटिक खरा असूनही नमुना खोटा असू शकतो, आणि माझ्या मते तीच जास्त मोठी हानी. आर्थर किंग्सबरी हा गेल्या शतकातला नावाजलेला ब्रिटिश हौशी खनिजशास्त्रज्ञ. ब्रिटनमध्ये अमुक खनिज प्रथमच अमुक ठिकाणी मिळालं, अशा त्याच्या अनेक नोंदी होत्या. १९६८ मध्ये तो गेल्यावर त्याचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आला. पुढे संशोधकांनी एकेक नमुना तपासला तेव्हा कळलं की कितीतरी नमुने सोबतच्या माहितीच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या ठिकाणचे नव्हतेच. स्फटिक खरे होते, ठिकाणं बनावट होती, आणि त्यांच्या भरवशावर उभी राहिलेली शास्त्रीय माहिती पुन्हा तपासावी लागली.

खनिज ओळखायला यंत्रं आहेत. ते कुठल्या खाणीतून, कुठल्या पातळीवरून आलं ते शोधायला मात्र बहुतेक वेळा चिठ्ठीशिवाय काही नसतं. नामिबियातली त्सुमेब खाण १९९६ मध्ये बंद झाली. तिथली खोल पातळी आता कुणी जाऊन पाहू शकत नाही. जगभरच्या कपाटांतले नमुने आणि त्यांच्या चिठ्ठ्या एवढंच उरलं आहे. म्हणून जुन्या मालकाची चिठ्ठी कधी टाकू नका, अक्षर कितीही वाईट असो, खनिजाचं नाव चुकलेलं असो. आपली नवी चिठ्ठी तिच्यासोबत ठेवा: खनिज, खाण, गाव, प्रदेश, देश, कुणाकडून आणि कधी मिळालं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या फिलिप रॅशली याचा अठराव्या शतकातला संग्रह आजही अभ्यासाला उपयोगी पडतो, तो असाच सांभाळला गेला म्हणून.

जपण्याचं तंत्र खनिजागणिक बदलतं. धुण्याआधी खनिज कुठलं ते ठरवा. क्वार्ट्झवरचे गंजाचे डाग ऑक्झॅलिक ॲसिडनं निघतात, पण त्याच्या शेजारी कॅल्साइट असेल तर तो खाल्ला जाईल. आणि हे ॲसिड विषारी आहे, हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. सैंधवाला पाणी लावायचंच नाही. गंधकाचा स्फटिक हाताच्या उबेनंही तडकतो, कधीकधी बारीक कट्‌ असा आवाज येतो. रिअल्गर, म्हणजे मनशीळ, उजेडात ठेवली की तिची पिवळी भुकटी होत जाते. ॲमेथिस्ट आणि कुंझाइट उन्हात फिके पडतात. आर्सेनिक, पारा, शिसं असलेली खनिजं हाताळल्यावर हात धुवा, धूळ उडू देऊ नका. तंतुमय ॲस्बेस्टस बंद डबीत ठेवा. टॉर्बर्नाइट, ऑट्युनाइट ही युरेनियमची खनिजं झोपायच्या खोलीत नकोत, हवा खेळती असलेल्या जागी थोडीच ठेवा.

सगळ्यात चिवट दुखणं पायराइट आणि मार्कासाइटचं. दमट हवेत काही नमुन्यांची आतून झीज सुरू होते. आधी गंधकाचा वास येतो, मग पांढरी-पिवळसर भुकटी दिसू लागते, कडा सुटतात. लोखंडाची सल्फेटं आणि सल्फ्युरिक ॲसिड तयार होत असतं. एकदा सुरू झालं की पूर्ण थांबवणं अवघड. नमुना कोरड्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत, इतरांपासून दूर ठेवायचा. हे ॲसिड खोक्याचा पुठ्ठा खातं आणि नमुन्याखाली घडी करून ठेवलेला कागदही खातं. जुन्या संग्रहांत अशा डबीत तळाशी तपकिरी चुरा सापडतो, आणि त्या चुऱ्यात चिठ्ठीचे दोन-तीन अक्षरं उरलेले कपटे. म्हणून पायराइटच्या चिठ्ठ्या वेगळ्या पारदर्शक पाकिटात ठेवाव्यात, आणि नमुन्याच्या पाठीमागे, स्फटिक नसलेल्या बाजूला, पांढऱ्या रंगाच्या छोट्या ठिपक्यावर काळ्या शाईनं क्रमांक लिहून तोच क्रमांक वहीत नोंदवावा.